अंकश्वानाचे पालन : ‘पग’ जातीच्या निमित्ताने काही शास्त्रीय विचार

मनुष्याच्या सहवासात राहून ज्यांच्या देहात विलक्षण विविधता उत्पन्न झाली, अशा प्राण्यांत कुत्र्याचे स्थान अग्रभागी आहे. शिकार, घराची राखण, मेंढरांचे रक्षण, गाडी ओढणे अशा निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळ्या जाती सिद्ध झाल्या. आपल्याकडील जुन्या ग्रंथांतही कुत्र्याचा विचार आढळतो तो बहुधा या उपयुक्ततेच्या अनुषंगाने. कल्याणीचा चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या १२ व्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘सारमेयविनोद’ नावाचे प्रकरण आहे. तेथील कुत्रा मृगयेतील सहचर आहे. परंतु काही जाती अशा आहेत की, त्यांच्याकडून सोबतीखेरीज कोणत्याही कामाची अपेक्षा कधी केली गेली नाही. मांडीवर बसावे, घरभर मागे मागे फिरावे आणि पाहणाऱ्याचे मन रमवावे, एवढेच त्यांचे कार्य. अशा लहानखुऱ्या जातींना ‘अंकश्वान’ असे नाव देणे सोयीचे होईल.

आपल्या शहरांतील सदनिकांमधून अशा कुत्र्यांची हौस गेल्या काही दशकांत पुष्कळच वाढली आहे. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. पण या हौसेचे मोल असते, आणि त्याचा बराचसा भाग कुत्र्यालाच द्यावा लागतो, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. ‘पग’ ही जात या दृष्टीने उत्तम उदाहरण ठरावी. तिचा इतिहास बऱ्यापैकी ज्ञात आहे, तिच्या विकारांचा अभ्यास गेल्या वीस वर्षांत कसोशीने झाला आहे, आणि महाराष्ट्रात ती सर्वपरिचित आहे. पग घरी आणू इच्छिणाऱ्याने तत्पूर्वी काय जाणून घ्यावे आणि ते तसे का, याचा कारणमीमांसेसह विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. जातीचा पूर्ववृत्तांत

पग मूळचा चीनमधील. तेथील राजवाड्यांत चपट्या तोंडाचे लहान कुत्रे बाळगण्याची प्रथा फार जुनी होती. पूर्वेकडील व्यापाराच्या ओघात हे कुत्रे हॉलंडमध्ये पोहोचले आणि ऑरेंज राजघराण्याचे लाडके झाले. १६८८-८९ च्या राज्यक्रांतीनंतर तिसरा विल्यम व राणी मेरी इंग्लंडच्या सिंहासनावर आली, तेव्हा त्यांच्या दरबाराबरोबर पगनेही इंग्लंडात पाऊल ठेवले. एकोणिसाव्या शतकात राणी व्हिक्टोरियाच्या आश्रयाने त्याची प्रतिष्ठा आणखी वाढली.

१८७३ मध्ये लंडनला ‘केनेल क्लब’ ही संस्था स्थापन झाली आणि १८८३ मध्ये पगच्या हौशी पालकांनी आपली स्वतंत्र संस्था काढली. येथून पुढे या जातीच्या इतिहासाला निराळे वळण लागले. कुत्रा कसा दिसावा याचे लिखित मानक तयार झाले. प्रदर्शनांतून त्या मानकाबरहुकूम पारितोषिके मिळू लागली. आणि वंशावळीच्या नोंदवहीत ज्याच्या मातापित्यांची नावे आहेत, त्यालाच शुद्ध मानण्याचा नियम रूढ झाला. एक प्रकारे जातीभोवती कुंपण घातले गेले.

या कुंपणापूर्वीचा पग कसा दिसत असे, याचा एक विश्वसनीय पुरावा उपलब्ध आहे. विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७४५ मध्ये पूर्ण केलेल्या आत्मचित्रात त्याचा ‘ट्रम्प’ नावाचा पग शेजारी बसलेला आहे. हा कुत्रा आजच्या पगहून उंच, सडपातळ आणि, मुख्य म्हणजे, स्पष्ट दिसण्याइतके लांब तोंड असलेला आहे. आज प्रदर्शनांत दिसणारे जवळजवळ सपाट मुख ही म्हणजे या जातीची सनातन खूण नव्हे. ती अलीकडच्या दीड-दोन शतकांची निर्मिती होय.

चार्ल्स डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथात जाणीवपूर्वक केलेली निवड आणि अजाणता घडलेली निवड असा भेद केला आहे. पालक प्रत्येक पिढीत आपल्याला आवडणारे प्राणी राखतो. जात बदलावी असा त्याचा उद्देश नसतो. तरीही काही पिढ्यांनंतर जात बदललेली असते. याच संदर्भात त्याने किंग चार्ल्स स्पॅनियल या दुसऱ्या एका अंकश्वानाचे उदाहरण दिले आहे. पगच्या बाबतीत निवडीचे हे दोन्ही प्रकार एकत्र आले. प्रदर्शनातील परीक्षकाने जाणीवपूर्वक निवड केली. घरोघरच्या ग्राहकाने अजाणता.

२. आखूड मुख आणि त्याचे आकर्षण

सपाट चेहरा मनुष्याला इतका का आवडावा? ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लोरेंझ याने १९४३ मध्ये एक उपपत्ती मांडली. मोठे व गोल कपाळ, चेहऱ्याच्या खालच्या भागी असलेले टपोरे डोळे, चिमुकले नाक, गुबगुबीत गाल ही तान्ह्या मुलाच्या चेहऱ्याची लक्षणे पाहताच प्रौढ मनुष्याच्या ठायी वात्सल्य जागृत होते. आणि हीच लक्षणे अन्य प्राण्यांत दिसली तरी त्याचे मन तसेच द्रवते. पगच्या मुखात ही लक्षणे एकवटलेली आहेत. म्हणजे ग्राहक ज्याला ‘गोजिरेपणा’ म्हणतो, तो नाकाची हाडे आखूड होण्याचा परिणाम आहे. पुढे ज्या व्याधी वर्णावयाच्या आहेत त्यांपैकी बऱ्याच जणींचे मूळही तेथेच आहे. आकर्षण आणि व्याधी यांचा उगम असा एक असल्यामुळे हा प्रश्न अवघड झाला आहे.

मुखाचा हा संकोच आनुवंशिक असून त्यात एकाहून अधिक जनुकांचा हात आहे. २०१२ मध्ये ‘बीएमपी-३’ या जनुकातील बदलाचा आखूड मुखाशी संबंध दाखविण्यात आला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ‘एसएमओसी-२’ या जनुकात घुसलेल्या एका परक्या तुकड्यामुळे त्याचे कार्य मंदावते आणि त्या कारणाने मुख आखूड होते, असे आढळले. निरनिराळ्या कुत्र्यांच्या मुखाच्या लांबीतील फरकांपैकी सुमारे ३६ टक्क्यांपर्यंतचा भाग या एका बदलाने स्पष्ट होतो. सारांश, हे लक्षण आहार बदलून वा औषध देऊन जाणारे नव्हे. ते बीजातच आहे.

३. श्वासमार्गाची अडचण

मुख आखूड होते म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. हाडांची लांबी घटते. परंतु हाडांच्या आतील मऊ भाग त्या प्रमाणात घटत नाहीत. जीभ, मऊ टाळू, नाकातील गुंडाळीसारख्या पातळ अस्थी हे सर्व जवळजवळ पूर्वीच्याच आकाराचे राहून आता तोकड्या जागेत दाटीने बसतात. नाकपुड्या अरुंद होऊन काही कुत्र्यांत केवळ चिरेसारख्या उरतात. मऊ टाळूचे टोक स्वरयंत्राच्या मुखावर लोंबू लागते. जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठात झालेल्या अभ्यासांतून असेही दिसून आले की, नाकातील गुंडाळ्या वेड्यावाकड्या वाढून आतील हवेची वाट अडवितात.

वाट थोडी अरुंद झाली तर बिघडले कोठे, असे वाटण्याचा संभव आहे. येथे भौतिकशास्त्रातील प्वाझेयचा नियम उपयोगी पडतो. संथपणे वाहणाऱ्या द्रवास वा वायूस नळी जो विरोध करते तो तिच्या त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी झाली की विरोध दुप्पट न होता सोळा पट होतो. नाकातील हवेचा प्रवाह पूर्णपणे संथ नसल्यामुळे हा आकडा तेथे जसाच्या तसा लागू पडणार नाही. परंतु अल्पशा संकोचाने श्वासाचे कष्ट कितीतरी वाढतात, हे तत्त्व अबाधित राहते. या वाढलेल्या विरोधावर मात करण्यासाठी कुत्रा जोराने हवा ओढतो. त्या ओढीने घशातील मऊ भाग आत खेचले जातात, त्यांना सूज येते, स्वरयंत्रातील लहान पिशव्या उलट्या होऊन बाहेर येतात, आणि वाट आणखी अरुंद होते. असे हे दुष्टचक्र असल्यामुळे वयाबरोबर विकार बळावत जातो. पशुवैद्यक त्यास आखूड मुखाच्या कुत्र्यांतील श्वासमार्गरोध म्हणून ओळखतात.

त्याची बाह्य लक्षणे म्हणजे घोरणे, घरघर, थोड्या चालण्याने लागणारी धाप, झोपेत वारंवार दचकून जागे होणे, हनुवटी उंच ठेवून वा बसल्या बसल्या झोपणे, आणि अन्न उलटून पडणे. पग म्हटला की घोरायचाच, अशी समजूत असल्यामुळे ही लक्षणे गमतीचा विषय होतात. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजातील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, ज्यांच्या कुत्र्यांना श्वासमार्गरोधाची स्पष्ट लक्षणे होती अशा मालकांपैकी ५८ टक्क्यांनी आपल्या कुत्र्याला श्वासाचा काही त्रास नाही, असे सांगितले. हे मालक निष्काळजी नव्हते. जातीच्या सर्वच कुत्र्यांत जे दिसते ते त्यांना स्वाभाविक वाटले, इतकेच. पग पाळू इच्छिणाऱ्याने प्रथम आपल्या मनातून ही समजूत काढून टाकावयास हवी. घोरणे हा स्वभाव नव्हे. ते लक्षण होय.

४. उष्णता आणि आपले हवामान

मनुष्य घामाच्या योगे अंगातील उष्णता बाहेर टाकतो. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांच्या तळव्यांपुरताच. त्याचे शीतन मुख्यत्वे धापा टाकण्याने होते; नाक, तोंड व जीभ यांच्या ओलसर पृष्ठभागावरून वेगाने हवा खेळविली जाते, पाण्याचे बाष्प होते आणि रक्त थंड होते. नाकातील गुंडाळ्यांचा विस्तृत पृष्ठभाग हे या व्यवस्थेचे प्रमुख अंग आहे. पगमध्ये हे अंगच आक्रसलेले असते. त्यातच अरुंद वाटेतून हवा ओढण्याचे श्रम स्नायूंना करावे लागतात व त्या श्रमांनी अधिक उष्णता निर्माण होते. थंड होण्याच्या खटपटीतच तो तापतो, असे म्हटले तरी चालेल.

ब्रिटनसारख्या थंड देशातही २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आखूड मुखाच्या कुत्र्यांना उष्माघाताचा संभव मध्यम मुखाच्या कुत्र्यांच्या मानाने सुमारे दुप्पट असल्याचे आढळले. अमेरिकेच्या परिवहन खात्याने २०१० मध्ये जाहीर केलेल्या माहितीनुसार मागील पाच वर्षांत विमानप्रवासात १२२ कुत्रे दगावले. त्यांपैकी सुमारे निम्मे आखूड मुखाच्या जातींचे होते व पगची संख्या ११ होती.

आता आपल्या प्रदेशाचा विचार करू. विदर्भात मे महिन्यात हवेचे तापमान ४५ अंशांच्या घरात जाते. कुत्र्याच्या देहाचे स्वाभाविक तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. भोवतालची हवा देहापेक्षा उष्ण असली की, उष्णता आपोआप बाहेर जाण्याचा मार्ग खुंटतो आणि बाष्पीभवन एवढाच उपाय उरतो. कोकणात व मुंबईत तापमान तितके चढत नाही. पण तेथील दमट हवेत बाष्पीभवनच मंदावते. म्हणजे विदर्भात एक दार बंद असते आणि कोकणात दुसरे. ऑक्टोबरमध्ये पावसाळा सरल्यावर येणारा उकाडाही याच कारणाने घातक ठरतो. पगला फिरावयास न्यावयाचे ते पहाटे वा रात्री. दुपारी बंद मोटारीत त्याला क्षणभरही ठेवू नये.

देहाचे तापमान ४१ अंशांपलीकडे गेले की अवयवांना इजा होण्याचा धोका उत्पन्न होतो. कुत्रा असाधारण धापा टाकू लागला, लटपटू लागला, जीभ जांभळट झाली, तर आधी त्याला थंड करावे व मग पशुवैद्याकडे न्यावे, हा क्रम आता शास्त्रमान्य झाला आहे. त्याला सावलीत आणून अंगावर साधे पाणी ओतावे व वारा घालावा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवल्यास बाष्पीभवन अडते. म्हणून तसे करू नये.

५. डोळे, त्वचा, कणा व मेंदू

कवटी आखूड झाल्याने डोळ्यांच्या खोबणीही उथळ होतात. बुबुळे पुढे आलेली असतात आणि पापण्या नीट मिटत नाहीत. नाक पुढे नसल्यामुळे कोणत्याही वस्तूशी पहिला स्पर्श डोळ्याचाच होतो. परिणामी पारपटलावर व्रण पडण्याचे प्रमाण या जातीत फार आहे. डोळा किलकिला करणे, पाणी येणे, लाली किंवा पांढुरका डाग दिसणे यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी वैद्याला दाखवावे. एक-दोन दिवसांच्या दिरंगाईने दृष्टी जाऊ शकते. जोराच्या धक्क्याने वा मानगूट ओढल्याने डोळा खोबणीबाहेर येण्याचेही प्रसंग घडतात.

नाकावरील घड्यांत ओल व मळ साचून बुरशी आणि जंतू वाढतात. आपल्या पावसाळ्यात हा उपद्रव विशेष होतो. घड्या रोज कोरड्या मऊ कापडाने पुसणे, एवढ्या साध्या उपायाने तो बराच टळतो.

पाठीच्या कण्यातील मणक्यांची घडण या जातीत पुष्कळदा सदोष असते. मध्यम वयानंतर मागील पाय ओढत चालणे, नखे घासली जाणे, पायऱ्या चढण्यास नकार देणे ही त्याची चिन्हे होत. ती केवळ म्हातारपणाची समजून सोडून देऊ नयेत. मेंदूच्या दाहाचा एक प्राणघातक विकार तर या जातीत इतका ठळकपणे आढळला की तो तिच्याच नावाने ओळखला जाऊ लागला; त्याचा प्रतिकारशक्तीशी निगडित जनुकांच्या एका विशिष्ट संचाशी संबंध असल्याचे सिद्ध झाले आहे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील संशोधकांनी २००८ मध्ये ब्रिटनमधील दहा जातींच्या वंशावळी तपासून, सहा पिढ्यांच्या अवधीत बहुतेक जातींतील आनुवंशिक विविधतेची मोठी हानी झाल्याचे दाखवून दिले. बंद नोंदवहीचा हा परिणाम होय. कुंपणाआड जे दोष एकदा शिरले त्यांना बाहेर पडावयास वाट राहत नाही.

६. आकडे कसे वाचावेत

ब्रिटनमधील पशुवैद्यकीय दप्तरांच्या आधारे २०२२ मध्ये ४,३०८ पग व २१,८३५ अन्य कुत्रे यांची तुलना प्रसिद्ध झाली. एका वर्षाच्या अवधीत निदान एक तरी विकार आढळण्याची शक्यता पगमध्ये सुमारे १.९ पट निघाली. श्वासमार्गरोधाची शक्यता ५४ पट, अरुंद नाकपुड्यांची ५१ पट, पारपटलावरील व्रणांची १३ पट, त्वचेच्या घड्यांतील संसर्गाची ११ पट आणि लठ्ठपणाची ३.४ पट असल्याचे दिसून आले. न्यायबुद्धीने हेही सांगावयास हवे की, आक्रमकपणा आणि हृदयातील अस्वाभाविक ध्वनी या गोष्टी पगमध्ये इतरांपेक्षा कमी आढळल्या. पग हा खरोखरच सौम्य आणि लोभस्वाना कुत्रा आहे. लहान जागेत तो सुखाने राहतो आणि त्याच्या सहवासाचा आनंद काल्पनिक नव्हे.

आयुर्मानाविषयी मात्र दोन भिन्न आकडे वाचनात येतात व त्यांनी गोंधळ उडतो. २०२२ च्या एका अभ्यासात पगचे अपेक्षित आयुर्मान ७.६५ वर्षे आणि एकंदर कुत्र्यांचे ११.२३ वर्षे दिले आहे. २०२४ च्या दुसऱ्या अभ्यासात पगचे मध्यक आयुर्मान ११.६ वर्षे आणि एकंदर कुत्र्यांचे १२.५ वर्षे आढळते. पहिल्या अभ्यासात केवळ मृत कुत्र्यांची नोंद होती. दुसऱ्यात हयात कुत्रेही हिशेबात धरले होते. एखाद्या जातीची लोकप्रियता नुकतीच वाढली असेल तर तिच्यातील बहुसंख्य प्राणी तरुण असतात. साहजिकच जे मृत झाले त्यांतही तरुणांचा भरणा अधिक असतो व केवळ मृतांवरून काढलेले आयुर्मान प्रत्यक्षापेक्षा कमी भासते. यास्तव ७.६५ हा आकडा शब्दशः घेऊ नये. परंतु दोन्ही पद्धतींत पगचे आयुर्मान सरासरीच्या खालीच निघते, हा निष्कर्ष दुर्लक्षिण्याजोगा नाही. शिवाय आयुष्य किती, यापेक्षा ते आयुष्य श्वासासाठी झगडत गेले की कसे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे; तो आयुर्मानाच्या कोष्टकात दिसत नाही.

७. पिलाची निवड

इतके जाणूनही ज्यास पगच पाळावयाचा आहे, त्याने निवड डोळसपणे करावी. आठ आठवड्यांच्या पिलात श्वासमार्गरोधाची लक्षणे बहुधा दिसत नाहीत. ती पहिल्या दोन-तीन वर्षांत प्रकट होतात. म्हणून पिलू पाहण्याआधी त्याचे मातापिता पाहावेत. ते विश्रांतीच्या वेळी तोंड मिटून, आवाज न करता श्वास घेतात काय? त्यांच्या नाकपुड्या उघड्या आहेत काय? थोडे दुडकविल्यावर घरघर सुरू होते काय? केंब्रिज विद्यापीठ आणि ब्रिटनचा केनेल क्लब यांनी २०१९ मध्ये सुरू केलेली परीक्षा याच तत्त्वावर आधारलेली आहे. कुत्र्याला तीन मिनिटे दुडक्या चालीने चालवून त्यापूर्वी व त्यानंतर स्वरयंत्राजवळ नळीने आवाज ऐकतात आणि शून्य ते तीन अशी श्रेणी देतात. आपल्याकडील कोणाही पशुवैद्याला नळी व मोकळे अंगण एवढ्या साहित्यावर अशी तपासणी करून मत देता येईल.

नेदरलँड्समध्ये मुखाच्या लांबीचे कवटीच्या लांबीशी असलेले प्रमाण मोजून प्रजननास अनुमती देण्याचे निकष २०१९ पासून लागू झाले. मुख कवटीच्या एकतृतीयांशाहूनही आखूड असलेल्या कुत्र्यांना त्यांत प्रजननासाठी स्थान नाही. जर्मनीत काही पालकांनी पगचा अन्य जातींशी संकर करून लांब मुखाचा पग पुन्हा सिद्ध करण्याचा यत्न चालविला आहे. ग्राहकाने यावरून घ्यावयाचा बोध सोपा आहे. एकाच वेतातील पिलांत ज्याचे नाक जरा लांब, नाकपुड्या रुंद, त्याला आपण ‘कमी अस्सल’ समजून मागे सारतो. वस्तुतः तेच पिलू प्रथम निवडावे.

वंशावळीचे प्रमाणपत्र हे कुळाचे प्रमाणपत्र आहे, आरोग्याचे नव्हे. चेन्नईस मुख्य कार्यालय असलेल्या ‘केनेल क्लब ऑफ इंडिया’ची नोंद असली तरी आरोग्याची चौकशी स्वतंत्रपणे करावीच लागते. भारतात १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखाली २०१७ मध्ये श्वान-प्रजनन व विक्रीविषयक नियम करण्यात आले आहेत. त्यांनुसार प्रजननकर्त्याने राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आवश्यक असून आठ आठवड्यांहून लहान पिलाची विक्री निषिद्ध आहे. जो विक्रेता माता दाखविण्यास टाळाटाळ करतो, रस्त्याच्या कडेला वा मोटारीतून पिलू हवाली करतो, त्याच्याकडून घेऊ नये. मालकाने सोडून दिलेले मोठे पगही आश्रयस्थानांत येतात. त्यांच्या श्वासाची स्थिती आधीच कळलेली असते, हा त्यांना घरी आणण्यातील एक व्यावहारिक लाभच आहे.

८. नित्य संगोपन

पगचे विहित वजन ६.३ ते ८.१ किलोग्रॅम आहे. या जातीत लठ्ठपणा आणि श्वासमार्गरोध यांचा निकट संबंध आढळतो. म्हणून मालकाच्या हाती असलेला सर्वांत प्रभावी उपाय म्हणजे त्याचे वजन आटोक्यात ठेवणे. पग खादाड असतो आणि आपल्या घरांत प्रत्येक जण त्याला पोळीचा तुकडा, बिस्किट, पेढा देत असतो. दिवसाचे अन्न एकाच व्यक्तीने मोजून द्यावे व दरमहा वजन करावे. फासळ्या हाताला सहज लागल्या पाहिजेत. द्राक्षे, मनुका, चॉकलेट, कांदा हे पदार्थ कोणत्याही कुत्र्याला विषवत् आहेत, हे घरातील मुलांना आवर्जून सांगावे.

गळपट्ट्याने श्वासनलिकेवर दाब येतो व डोळ्यांवरील ताण वाढतो. त्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा वापरावा. पावसाळ्यात गोचिडांचा बंदोबस्त ठेवावा. अलर्क रोगाची लस वेळेवर द्यावी आणि महानगरपालिकेच्या हद्दीत कुत्र्याचा परवाना काढावा. कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्या वैद्याशी श्वासमार्गाविषयी स्पष्ट बोलणे करावे, कारण भूल उतरण्याचा काळ या जातीत विशेष जोखमीचा असतो. नाकपुड्या रुंद करण्याची व टाळूचा वाढीव भाग काढण्याची शस्त्रक्रिया उपलब्ध आहे. ती वेळीच केल्यास पुष्कळ आराम पडतो. पण नाक लांब होत नाही आणि पिलांत उतरणारा दोषही जात नाही. अशा उपचारांचा खर्च पिलाच्या किमतीच्या कित्येक पट होऊ शकतो. दहा-बारा वर्षांच्या सहवासाचा विचार करताना या खर्चाची तरतूद करता येईल काय, हा प्रश्न कुटुंबातील सर्वांनी एकत्र बसून सोडवावा. घरातील सर्व माणसे दिवसभर बाहेर राहणारी असतील तर हा सोबतीसाठीच घडविलेला प्राणी एकाकीपणाने कष्टी होतो, हेही विसरू नये.

९. समारोप

२००३ मध्ये ‘हच’ या भ्रमणध्वनी कंपनीच्या जाहिरातीत एका लहान मुलामागे सर्वत्र जाणारा पग देशभर दिसला आणि या जातीची मागणी व किंमत भारतात एकदम चढली. जाहिरातीतील त्या कुत्र्याने लोकांना निष्ठेची आठवण दिली. परंतु मागणी पुरविणाऱ्यांनी त्याचा चेहरा तेवढा उचलला. ज्याला डार्विनने अजाणता निवड म्हटले, ती अशा रीतीने आपल्या दिवाणखान्यातही चालू असते. प्रत्येक खरेदी हे एक मत आहे आणि पुढच्या पिढीतील पिलांचे नाक किती लांब असावे, हे त्या मतांच्या बेरजेवरून ठरते.

पग पाळूच नये, असे प्रस्तुत लेखकास म्हणावयाचे नाही. जे कुत्रे आज हयात आहेत त्यांना चांगली घरे हवीतच. परंतु ही जात मनुष्याने आपल्या आवडीपायी घडविली आहे, तेव्हा तिचे उत्तरदायित्वही त्याच्यावरच येते. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीच्या पगला नाक होते. ज्या निवडीने ते गेले त्याच निवडीने, मार्ग उलट फिरवून, ते निदान अंशतः परत आणता येईल. त्यासाठी प्रयोगशाळेतील संशोधनाइतकीच सामान्य ग्राहकाची जाणही आवश्यक आहे. पिलू उचलून घेण्यापूर्वी त्याच्या आईचा श्वास क्षणभर ऐकावा. तो शांत असेल तरच पुढचा विचार करावा.